रांग इथे संपते

कोलोनच्या प्रदर्शनात, सातव्या हॉलमध्ये
मेख्टिल्डच्या हातात एक पाटी आहे:
रांग इथे संपते.
नवा माणूस येतो, तिच्यापुढे उभा राहतो,
ती एक पाऊल मागे सरकते.
सकाळपासून ती अशीच मागे मागे चाललीय,
फरशी पुसत पुसत
दाराकडे येणाऱ्या बाईसारखी.

दर अकरा मिनिटांनी पडदा पेटतो.
तिच्या जागेवरून तो फार तिरपा,
ड्रॅगन काठीएवढा बारीक,
घोडेस्वार पापणीच्या केसाएवढा.
आवाज मात्र पुरा येतो, थेट बरगड्यांत.
आधी शांतता. मग एका मुलीचा श्वास.
मग ढोल, मग शहर कोसळतं,
मग काळ्यावर पांढरं नाव,
आणि तारखेच्या जागी एकच शब्द:
लवकरच.
लोक त्या शब्दाला टाळ्या वाजवतात.
दुपारपर्यंत शहर एकवीस वेळा पडलंय
आणि एकवीस वेळा कुणीतरी
अगदी मनापासून दचकलंय.

रांगेत फोमची तलवार घेतलेला एक दाढीवाला
घडीच्या स्टुलावर झोपलाय.
एक आई मोजा विणतेय, टाच वळवण्यापर्यंत आलीय.
तिचा आर्नो सगळ्यांना विचारतो,
त्यातल्या कुत्र्याला कुरवाळता येतं का?
कुणालाच माहीत नाही.
अजून बाजारात तुरी,
आणि पुढची तिघं हमरीतुमरीवर आलीत
की शेवटी ती मुलगी जगते की नाही.

मेख्टिल्डनं एकतीस वर्षं कारखान्यात
गाड्यांना दारं बसवली. डावी दारं.
तिथे गाडी आधी व्हायची,
गाजावाजा मागाहून.
म्हणून असेल,
किंवा पडद्याची डावी कडच तेवढी
तिला धड दिसते म्हणून असेल,
तिला ड्रॅगन आठवत नाही.
तिला आठवतं गल्लीतलं एक हिरवं दार,
श्वास आणि ढोल यांच्या मधे
चार सेकंद दिसणारं.

साडेतीनला मागच्या पडद्याआडून
एक पोरगा बाहेर येतो, ब्रेझेल चघळत,
गळ्यातलं ओळखपत्र उलटं, डोळे तारवटलेले.
त्यार्क. हा खेळ करणाऱ्यांपैकी एक.
ती विचारते, ते हिरवं दार उघडतं का हो?

तो चघळायचं थांबतो.
सकाळपासून त्याला विचारलंय
नकाशा किती मोठा, शस्त्रं किती,
किती तासांत संपतो, किंमत काय.
नाही, तो म्हणतो. आत काहीच नाही.
नुसता रंग आहे. तिकडे कुणी जात नाही.

असेल, ती म्हणते,
पण बिजागऱ्या उजवीकडे आहेत
आणि मूठही उजवीकडे.
असं दार जन्मात उघडायचं नाही.

तो हसतो. मग हसत नाही.
तीन वर्षं, तो पुटपुटतो, तीन वर्षं
साठ जणांनी पाहिलंय ते,
आणि खिशातून पेन काढून
तळहातावर काहीतरी लिहितो,
ब्रेझेलच्या मिठावरून पेन अडखळत जातं.
ती एक पाऊल मागे सरकते.
कुणीतरी नवं आलंय.

सातला नवी माणसं घेणं बंद होतं.
आता रांग पुढूनच खाल्ली जाते,
आणि मेख्टिल्ड दिवसात पहिल्यांदा
पुढे चालते, पाटी घेऊन,
सुटलेली चुंबळ, एक मोजे विणायची सुई,
सांडलेला कोला ओलांडत,
थेट पडद्यासमोर.
ड्रॅगन खरंच मोठा आहे.
त्याच्या पंखाखाली माणसांची तोंडं निळी होतात.
आर्नो आईच्या कोटात शिरतो, एक डोळा बाहेर ठेवून.

ती डावीकडे बघते.
दार तसंच आहे, अर्थातच.

मग दिवे लागतात. ऱ्हाइनवरून गार वारा
माल उतरवायच्या दारातून आत येतो.
पाटी कुठे ठेवायची
हे कुणी सांगितलंच नव्हतं.
ती भिंतीला टेकवून ठेवते,
अक्षरं भिंतीकडे.