चित्राऐवजी

सावद्याच्या केळी-रोपवाटिकेची वेबसाइट
माझ्याकडे आली तेव्हा
पानांचे पत्ते नुसते आकडे होते:
रोप, तिरपी रेघ, सत्तेचाळीस.

फ्रेमवर्कनं दिलेली पत्ता लिहायची मेथड
मी मोडली नाही,
तिच्यावर आपली एक चढवली,
गादीवर खोळ चढवावी तशी.
आता पत्त्यात नाव येतं. श्रीमंती. बसराई.
जुना नंबर विचारत कुणी आलंच
तर त्यालाही नव्या दारापर्यंत पोचवते ती.

चित्रांचं मात्र राहूनच गेलं होतं.

मालकांचे थोरले भाऊ, वासुदेव नारखेडे,
काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले,
फोन कानाला लावून बसले होते पॅकहाउसच्या ओट्यावर.
"काय वाचू ऱ्हायला रे हा?"
फोन वाचत होता:
आय एम जी, शून्य शून्य चार दोन, डॉट, जे पी जी.

त्या रात्री मी चित्राच्या मेथडला सांगितलं,
शब्द दिल्याशिवाय चित्र द्यायचं नाही.
अकरा ओळी.
सकाळी एकशे बारा पानं लाल होऊन अडून बसली.

मग बसलो एकेक फोटो बघत, लिहीत:
'ठिबकच्या नळीशेजारी दीड महिन्याचं रोप,
एक पान फाटलेलं.'
'बसराईचा घड, नऊ फण्या, अजून हिरवा.'

वासुदेवभाऊंनी ऐकलं. परत ऐकलं.
"फण्या आठ. तो घड मी हातानं मोजेल आहे."

मी फोटो मोठा केला.
बोट ठेवून मोजलं, स्क्रीनवर.
आठ.