मुंग्या आल्या नाहीत

विडी घरकुलात नळ येतो पाचव्या दिवशी,
पहाटे तीनला, त्यातही कधी नुसती हवा.
आणि त्या उन्हाळ्यात मी एकटी
दिवसाला एक घागर आणि वर दोन तांबे.
श्रीलता ड्रमवर खडूनं रेघा मारायची.
सासू रेघांकडे बघायची, माझ्याकडे नाही.

हजार विड्या वळायच्या तर बूड हलवू नये.
मी शंभराला उठायची,
पुन्हा दीडशेला.
परतेपर्यंत पानं सुकलेली, मोजणी हरवलेली.
चेकर विड्या मोडायचा, म्हणायचा,
"हात कुठं असतो तुझा, गुर्रमबाई?"
हात घशाशी असायचा.

शुगरच ही, सत्यम्मा म्हणाली. कारलं पाजलं.
मी मोरीत बघत बसले दोन दिवस,
एक मुंगी फिरकली नाही.
पाण्यासारखं पाणी. रंग नाही, वास नाही.
लॅबवाला म्हणाला, साखर नाही बाई, काहीच नाही.
ते "काहीच नाही" ऐकून रडू आलं.

सिव्हिलला हत्तुरे डॉक्टरांनी सकाळपासून पाणी तोडलं.
दर तासाला काटा, दर तासाला भांडं.
खिडकीत एप्रिल, ओठ तेंदूच्या पानासारखे.
दुपारी वजन दीड किलो खाली
आणि लघवी तशीच, नितळ, निर्लज्ज.
मग नाकात एक फवारा.
संध्याकाळी भांड्याचा तळ पिवळा झाला.
नर्स दाखवायला घेऊन आली,
बाळ दाखवावं तशी.

डोळ्यांच्या मागे, म्हणाले, वाटाण्याएवढी ग्रंथी असते.
ती मूत्रपिंडांना निरोप धाडते: पाणी धरून ठेवा.
तुझी मूत्रपिंडं चांगली आहेत,
निरोपच जात नाही.
का, ते फोटोत दिसलं नाही.
मला आमचा व्हॉल्व्हवाला आठवला,
उघडून झोपणारा.

आता बाटली शेख खालांच्या फ्रीजात, अंड्यांशेजारी.
रोज एक फवारा, आणि ताकीद:
तहान लागली तरच प्यायचं, सवयीनं नाही,
नाहीतर रक्तातलं मीठ उतरतं, झटका येतो.
तांब्या उचलला की आधी घशाला विचारते.
कधी तो नाही म्हणतो. नवल वाटतं.

परवा नळ येऊन गेला.
सगळ्या गल्लीचे ड्रम कोरडे.
चार महिने मीच जागी असायची ना,
मीच दारं वाजवायची.
सत्यम्मा उजाडता उंबऱ्यात, घागर कमरेवर:
"अगं, झोपलीस कशी तू?"