अडलेली

नारीनमध्ये जानेवारी. बाहेर नदी गोठलेली,
आत माझ्या टेबलावर सापारअली डॉक्टरांचा कॉम्प्युटर.
"हाही गोठतो," म्हणाले, "पण नदीसारखा सरळ नाही.
मध्येच. मग आपला आपण चालू लागतो,
जणू काही झालंच नाही."

आधी रॅम काढली, खोडरबरानं तिचे दात घासले,
रात्रभर तपासली. एक चूक नाही.
विंडोज नव्यानं टाकणारच होते,
पण दुखणं रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला
हे जनावरांच्या डॉक्टरसमोर तरी करू नये.

मग नुसती बघत बसले.
बाण हलतो, क्लिक पोचत नाही.
घड्याळ नऊ बावीसवर अडलेलं.
डब्यावरचा तांबडा दिवा
जळतो तो जळतोच, पापणी मिटत नाही.
अडतीस, एकोणचाळीस, चाळीस,
आणि दिवा लवला. तुंबलेल्या सगळ्या क्लिक
फाटक उघडल्यावर मेंढ्या निघाव्यात तशा
एकमेकींच्या अंगावरून बाहेर.

केबल बदलली. तीच तऱ्हा.
दुसऱ्या खाचेत लावली. तीच तऱ्हा.
तेव्हा डिस्कला कान लावला.
टक्. मागे सरून पुन्हा टक्.
तिला वाचायचंय, जमत नाही,
आणि नाही म्हणायची लाज वाटते.
तोवर बाकी सगळं यंत्र
तिच्या एका शब्दासाठी ताटकळत उभं.

"बुरुल, फॉरमॅट मारून होणार नाही का?"
मी म्हटलं, अडलेल्या घोडीला तुम्ही पळवता का?
ते गप्प बसले.

आधी नक्कल. सहज येईल ते पहिलं,
अडलेलं शेवटी, उलट्या बाजूनं, हळू.
डिस्क तापत होती; खिडकीची फट
तिच्यासाठी तीन दिवस उघडी ठेवली,
मी दोन स्वेटर घालून बसले.

आलं सगळं. शिंगरांची नोंदवही,
वीस वर्षांची.
फक्त दोन हजार अकराचा वसंत नाही.
त्या जागी शून्यं, ओळीनं.

"लिही," म्हणाले, आणि डोळे मिटले.
"पंचकल्याणी, जुमागुलची. नऊ मार्च. नर.
कुमैत, एका डोळ्याची. तेरा मार्च. जुळं, एक गेलं.
अबलख…"

ओठ हलेनात. चहावर साय धरली.
मला पुढची घोडी विचारता आली असती,
काहीतरी सुचवता आलं असतं.
पण तीन दिवसांत एवढं तरी शिकले होते.
मोजत राहिले.

पासष्ट.
सत्तर.

"अबलखचं काय झालं, आठवत नाही.
मी होतो तिथं. रात्र होती.
हात खांद्यापर्यंत आत होता.
एवढंच."

मी एवढंच लिहिलं.

जुनी डिस्क त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात घातली.
पैसे काढले, मोजले.
केबलचे मी घेतले नाहीत.
केबल चांगलीच होती.