आसंय

पाटी अजून आहे. लाकडावर पितळ,
खाली एक क्रमांक, सात आकडी, स्वल्पविरामांसह,
आणि शोधकांची नावं: दोन परक्या माणसांची,
तिसरं माझं. मेतरचं मीटर करून.
तारामुंबरीच्या खाऱ्या हवेत हिरवी पडत चालली आहे.
परवा जयवंतीने तिच्यावर सुकटीची परडी टेकवली.
मी काही म्हटलं नाही. सपाट आहे, उपयोगी पडते.

चौतीस वर्षं मी यंत्रांवर नजर ठेवणारी यंत्रं लिहिली.
हुद्दा आर्किटेक्ट. गावात एकाने
पडवीचा नकाशा मागितला.
आता कुणी विचारलं तर सांगतो, राखण करायचो.
राखण म्हटलं की देवाचं काहीतरी असणार,
पुढे कोणी विचारत नाही.

पहिली नोकरी पुण्यात, सहकारी बँकेच्या तळघरात.
चपला बाहेर, आत हिव भरेल अशी हवा,
रात्रपाळीला मी आणि एक छपाईयंत्र,
जे तासाला एक ओळ उमटवायचं: चालू. चालू. चालू.
एका पहाटे कागद संपला
आणि कळलं, न उमटलेली ओळ वाचायला
कुणीतरी जागं असावं लागतं.

त्यातून पहिला शोध. शोध कसला, धास्ती.
प्रत्येक यंत्राने अर्ध्या मिनिटाला म्हणायचं, आहे.
तीनदा म्हटलं नाही, तर घंटा.

दुसऱ्याची पाटी झाली नाही.
पडलेल्याला उठवणारा प्रोग्राम, नाव ठेवलं होतं उठव.
बंगळूरला एका रात्री त्याने एकाच मेलेल्याला
अकरा हजार वेळा उठवलं.
तो उठायचा, पडायचा, पडल्याची नोंद करायचा;
नोंदींनीच डिस्क भरली, सकाळी सगळंच आडवं.
बाबा असते तर म्हणाले असते,
सुकतीक होडी ढकलतत काय रे?

तिसरा, पाटीवरचा, खोट्या घंटेबद्दल.
दूरचं यंत्र गप्प झालं म्हणजे मेलंच असं नाही,
मधली तार तुटली असेल. म्हणून ओरडण्याआधी
त्याच्या शेजाऱ्याला विचारायचं: तुला दिसतो का तो?
ह्यूस्टनला मी हे फळ्यावर काढलं,
तीन वर्तुळं, चार बाण. टाळ्या.
कुठे सुचलं, असं एका बाईने विचारलं.
गाडी चालवताना, म्हणालो.
खोटं.

द्वारकी आते अवसेच्या रात्री खडपावर बसायची
आणि समुद्रातले कंदील मोजायची. चौदा होड्या, चौदा कंदील.
एकदा तेरा भरले. तिने गाव उठवला.
माणसं पाण्यात उतरली, बायकांनी ऊर बडवले,
पहाटे सुब्राय कोयंडे शांतपणे किनाऱ्याला लागला,
रॉकेल संपलेला.
वर्षभर पोरं तिला बघून तेरा, तेरा म्हणायची.
मीही.

त्यानंतर ती मोजायची आणि आधी गप्प राहायची.
मग खाडीपलीकडे, मिठमुंबरीकडे, आपला कंदील धरायची:
माका एक कमी दिसता, तुका?
तिकडे कुणी सत्यभामा होती. मी तिला कधी पाहिलं नाही.
तिचा कंदील एकदा हलला तर सगळं ठीक,
दोनदा हलला तर होडी काढा.
दोनदा हललेला मला एकदाच आठवतो.
तेव्हा कुणी हसलं नाही.

शोधकांच्या रकान्यात जागा भरपूर होती.
मी विचारलंच नाही.

आता खाडीवर पूल आहे, होड्यांवर जीपीएस.
रात्री मी फोन बंद ठेवतो,
झोप तरीही तीनला मोडते.
सकाळी जयवंती गडग्यापलीकडून हाक मारते,
आसंस मां रे?

काल मुद्दाम उत्तर दिलं नाही. बघू, किती वेळा.
दोन हाका. मग पावलं,
माझ्या दाराकडे नव्हे, डावीकडच्या कोयंड्यांकडे:
ओ वयनी, तुमका दिसलो काय हो तो?

मी धावत बाहेर आलो, गालाला साबण तसाच.
आसंय, म्हटलं.
आसंय.