शेवटच्या फेरीतले

आधी फक्त एक मांजर होतं, लोखंडी चुलीमागे.
मग मांजराला शोधत एक मुलगा आला.
आता सात जण आहेत
आणि बाउदिलिओ म्हणतो, सगळे भिजलेत,
टॉवेल आण.

चाळीस वर्षं त्याने आचाओच्या धक्क्यावरून
लहान बेटांकडे लाँच चालवली.
बटाट्याची पोती, मेंढ्या, शाळेतल्या बाई,
एकदा एक शवपेटी
आणि पेटीला टेकून झोपी गेलेली तिची विधवा.
धक्का सोडण्याआधी तो सगळ्यांना मोजायचा,
बोटाने, ओठ न हलवता.
अजून मोजतो.
"जॅकेटं सहाच आहेत, एर्मेलिंडा."

पहिला महिनाभर मी भांडले.
सगळे दिवे लावले, खुर्च्या उलट्या केल्या,
त्याचा हात धरून रिकाम्या बाकावरून फिरवला,
बघ, कोण आहे? सांग ना, कोण आहे?
त्याने हात सोडवून घेतला.
"उठून उभी राहिली बिचारी,
तू अंगावर गेलीस म्हणून."

कास्त्रोच्या इस्पितळात रात्रपाळीच्या डॉक्टरने
शांत करायचं इंजेक्शन दिलं.
तीन दिवस तो वल्ह्यासारखा ताठ.
ती माणसं तिथेच होती की नाही, कोण सांगणार?
सांगणाराच नव्हता.
नंतर आलेल्या डॉक्टरबाईंनी, वयाने पोरच, नखं कुरतडलेली,
त्या औषधाचं नाव लाल पेनाने लिहून दिलं :
ह्यांना पुन्हा कधीही नाही.
कागद पिठाच्या डब्यावर चिकटवलाय,
तिथे रोज हात जातो.

त्या म्हणाल्या, खोटं बोलू नका.
वादही घालू नका.
मग उरतं काय, हे मी बसमध्ये घर येईपर्यंत शोधत होते.
उरते एक फट.
आडवं होऊन शिरावं लागतं.

फुलाफुलांचा पडदा उतरवला, फुलांना डोळे फुटायचे.
खुंटीवरचा रेनकोट कपाटात कोंबला.
संडासच्या वाटेवर रात्रभर छोटा दिवा.
एवढ्यानेच सातातले तिघे उतरून गेले.
उरलेल्यांबद्दल मी विचारते,
मला दिसत नाहीत रे, पण तुला दिसतायत,
तर सांग, त्रास देतात का?
बहुतेक रात्री नाही.
मुलगा अजून मांजर शोधतोय.

पुएर्तो मोंतहून यास्ना फोन करते,
"आई, अजून येतात का ते?"
येतात, म्हटलं, पण हल्ली तिकीट काढून येतात.
ती हसली नाही.
मी मात्र फोन ठेवल्यावर हसले, एकटीच, बराच वेळ,
आणि बाउदिलिओने माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी त्याच्याकडे पाहते.

परवा संध्याकाळी चुलीत लाकूड सारत होते.
तो बाकाकडे झुकला, मुलाला हळूच म्हणाला,
"ही चहा करणारी बाई
रोज शेवटच्या फेरीपर्यंत थांबते.
हिला घर नाही का?"

लाकडाचं टोक पेटलं होतं, बोटं भाजेपर्यंत कळलं नाही.
खोटं नको. वाद नको.
"आहे," मी म्हणाले.
"पण तिथे तुमच्याच लाँचने जावं लागतं."

त्याने खिडकीकडे पाहिलं, तावदान थरथरत होतं.
"आज नाही सोडणार. वारा आहे.
इथेच झोपा."
मांडीवरचं लोकरीचं पांघरूण माझ्याकडे सरकवलं
आणि बोट उचललं.
एक, दोन, मुलगा, कोपऱ्यातली ती.
बोट माझ्यावर येऊन थांबलं.
मग स्वतःच्या छातीवर.

"सहा," तो म्हणाला.
"पुरतील जॅकेटं."