लोखंडाचं पाणी

आजीचे दात काळे होते.
किडके नव्हेत, लाखेच्या वाडग्यासारखे तुकतुकीत.
ती हसली की वाटे
तोंडात एक लहानशी रात्र उघडली.

साकाता बंदरात, भाताच्या वखारींमागच्या आमच्या घरी
चुलीजवळ एक बुटकं मडकं असे.
आत गंजके खिळे, तांदळाची आंबलेली पेज, साकेचा तळ
आणि मोडक्या कोयत्याचं एक पातं.
वास असा, की मांजर उंबऱ्यावरूनच माघारी फिरे.
दर तिसऱ्या पहाटे, कुणी उठायच्या आत,
आजी पिसाच्या कुंच्यानं ते पाणी दातांना लावी,
वर मायफळाची पूड. पुन्हा पाणी, पुन्हा पूड.
मी पांघरुणातून बघत असे.
तिला ठाऊक होतं मी बघते ते.

"लग्नात सात घरच्या सात जणींनी
आपापल्या मडक्यातलं पाणी दिलं मला.
पांढरे दात काय, कुत्र्यालाही असतात."

मग राजवाड्यातल्या बायकांनी दात पांढरे केले म्हणे.
बातमी बोटीनं आली, मिठाच्या पोत्यांबरोबर.
आईच्या लग्नात सात घरं फिरायला
कुणी निघालंच नाही.
आईनं भुवयाही राखल्या.
दोघींचा एकच फोटो आहे,
त्यात दोघींची तोंडं घट्ट मिटलेली.

मी तोक्योत टेलिफोनच्या कचेरीत लागले,
भूकंपानंतर तिसऱ्या वर्षी केस कापले, कानाच्या पाळीपर्यंत,
आणि पहिल्या पगारात निळा फ्रॉक शिवला.
घरी आले तेव्हा आई सहा दिवस माझ्याशी बोलली नाही.
भात मात्र वाढत होती, नेहमीपेक्षा जास्त.
आजीनं जवळ बसवून माझ्या मानेवर बोट ठेवलं.
"इथं वारा लागतो?"
"लागतो."
"आमच्या वेळी इथंच पावडर लावत," ती म्हणाली,
"चेहरा काय, कुणीही रंगवतं.
बाई ओळखायची ती पाठमोरी."
आणि बराच वेळ बोट तिथंच राहिलं.

तार आली ती फेब्रुवारीत.
रात्रभर गाडी, खिडकीबाहेर बर्फ, अंगात तोच निळा फ्रॉक.
आजोबांच्या वेळी आजी पांढऱ्यात बसली होती.
आता सुतक काळं झालंय, ते कधी झालं
आईलाही नक्की सांगता येईना;
तिनं आपला काळा किमोनो काढून ठेवला होता. एकच होता.
"या निळ्यात तू उभी राहणार?"

मी मडक्यावरचं झाकण काढलं.
मायफळं कुटली, उकळली,
फ्रॉक त्यात बुडवला, मग लोखंडाच्या पाण्यात,
पुन्हा, पुन्हा, पहाटेपर्यंत.
निळं आधी मळकट झालं, मग शेवाळी,
मग एकदम कुणी दिवा मालवावा तसं.
आई दारात येऊन उभी राहिली. नाक दाबलं नाही तिनं.
शेवटी बाही वर करून
पिळायला दुसरं टोक धरलं.

अंत्ययात्रेत मी ओलसरच होते.
बायका मागून कुजबुजल्या: गुडघे बघा.
मग वास आला असावा त्यांना;
त्यांतल्या दोघी म्हाताऱ्या गप्प झाल्या,
आणि एकीनं ओठ आत घेतले.

दुसऱ्या दिवशी चितेच्या राखेत काठ्यांनी
अस्थी वेचताना दात सापडले, एकूण एक शाबूत,
पांढरे.
आईनं माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे.
हसू नये तिथं आम्ही हसलो.

फ्रॉक वर्षभरही टिकला नाही.
लोखंड सूत खातं, हे रंगारी सांगतात;
शिवणीपाशी विरत गेला, बोट घातलं की फाटे.
मडकं मी तोक्योला आणलंय.
शेजारीण विचारते, लोणचं का.
मी हो म्हणते,
आणि महिन्यातून एकदा
त्यात चमचाभर साके घालते.