आधी जुन्याच्या तोंडी

ओल्गीनमध्ये ओदाल्मिसच्या पुढच्या खोलीत
दोन कॉम्प्युटर. एक कामाचा.
दुसरा कशालाच न जोडलेला,
पिवळा पडलेला, पंखा घरघरणारा.
बाहेरून आलेला प्रत्येक पेनड्राइव्ह
आधी त्याच्या तोंडी.
"हा आजारी पडला तर चालतो," ती म्हणते,
"याला कुणाकडे जायचं नसतं."

आज युनिएरची आई आली.
मुठीत पेनड्राइव्ह, घामानं ओला.
मुलगा मोंतेविदेओत; त्याचे फोटो, त्याचा आवाज
पाच-सहा हातांतून फिरत आलेले.
उघडलं, तर प्रत्येक फोल्डरच्या जागी
त्याच नावाचा शॉर्टकट.
दारावरच्या पाट्या तेवढ्या, मागे घर नाही.

"दाबू नका!" ओदाल्मिसनं तिचं बोटच धरलं.

तेवढ्यात वीज गेली.
दोघी अंधारात कॉफी प्यायल्या. साखर नव्हती.

साडेनऊला स्कॅन.
सतरा सापडले, सतरा पुसले.
मग लपवलेलं दाखव म्हटल्यावर
फिकट, नीट न उमटलेल्या छाप्यासारखे
फोल्डर वर आले.
होतेच तिथे.

"आई, इथं थंडी फार."
परत लावलं. परत.

ती गेल्यावर वहीत नोंद: लाल, साफ.
जुन्यावर उरलेली थंडी
रोजच्यासारखी पुसायची होती.
ओदाल्मिस म्हणाली, उद्या.